कठड्याच्या पायातलं मीठ

परवा सुनेने कांद्यांवर व्हिनेगर ओतलं आणि त्या आंबूस वासासरशी मी थेट नर्मदेच्या काठावर पोचले. तेव्हा मी धडगावकडे नर्स होते. पाण्याने वेढलेल्या पाड्यांसाठी दवाखान्याला एक बोट मिळाली होती, समुद्रावर वापरलेली, जुनी.

पहिल्या फेरीच्या सकाळी नावाडी रुबाबसिंगदादा बोटीत चढताना धरायच्या कठड्यापाशी बसले होते. त्याच्या ॲल्युमिनियमच्या पायांवर मिठाचे पांढरे, खरखरीत पापुद्रे धरले होते. दादा त्यावर कोमट पाणी सोडत, मग व्हिनेगरच्या फडक्याने हलकेच पुसत. इतक्या हळुवारपणे जखम धुणारे हात मी नोकरीभरात फारसे पाहिले नाहीत. तेव्हा मात्र मी लसींचा डबा घेऊन वैतागले होते.

"दादा, तारेच्या घासणीने दोन मिनिटांत होईल!"

"तार नको, सिस्टर. चरा पडना का तठेच सडस," ते माझ्याशी अहिराणीत बोलत. "मीठ निंघू द्या, मंग धातू खरं सांगस."

पापुद्रा निघाला आणि खाली नुसती राखाडी भुकटी दिसली. त्यांनी अंगठा दाबला, तो आरपार गेला. त्यांनी कठडा काढला आणि तिथे जाड दोर आवळून बांधला.

दुपारी एका पाड्यावर कळा सुरू झालेली बाई बोटीत चढताना घसरली. तिचा सगळा भार त्या दोरावर आला. दोर ताणला, पण सुटला नाही.

बाळ बोटीतच जन्मलं. पुसून, गुंडाळून मी ते आधी रुबाबसिंगदादांच्या हातात दिलं, बापाच्याही आधी.