सुर्ल्याच्या फाटकावरची सज्जता

नातवंडांनो, फौजेतले मोठे अधिकारी दिवसभर करतात तरी काय, असं तुम्ही काल फोनवर विचारलंत, म्हणून लिहिते.

आमचे शेजारी निवृत्त सुभेदार. सुर्ला गावातल्या बंद खाणीच्या फाटकावर त्यांच्या हाताखाली तीन रखवालदार आणि दोन काठ्या. रोज सकाळी मातीत नकाशा काढून ते तिघांना चीनचे डावपेच समजावत.

एकदा खाणीचे साहेब सज्जता तपासायला आले, तेव्हा तिघे न्याहारीची पाव-भाजी खात होते. साहेब कडाडले, “आधी परेड! नाहीतर नोकरी विसरा. शत्रू थांबेल का?”

सुभेदार म्हणाले, “थांबतलो. माणसांका खावंदेत, साहेब. चीन खंय पळान जाता?”

सुभेदारांना त्याच दिवशी काढलं. नवा प्रमुख आला. फाटकावरची परेड मात्र अजून न्याहारीनंतरच होते.