नानांच्या चेंबरमध्ये निवळली माझी बीअर

गेल्या रविवारी मुक्ताईनगरला गेले होते... माझ्या बारा बाटल्या परत आणायला. जाताना गाडीत रेडिओसुद्धा लावला नव्हता. येताना मात्र गाडीत एकटीच मोठमोठ्याने गाणी म्हणत आले!

थोडं मागचं सांगते. मी जळगावात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. गेल्या वर्षापासून घरी बीअर करायचा नाद लागलाय. चव जमली, फेस जमला... पण बीअर काही केल्या निवळेना. तीनदा केली, तिन्ही वेळा गढूळ. नवरा ग्लास उजेडात धरून म्हणाला, "यात जिऱ्याची फोडणी घाल, मठ्ठा म्हणून खपेल."

कारण मला कळत होतं. बाटलीत गॅस तयार झाला की तिला दोन-तीन आठवडे थंड जागी, अजिबात न हलवता ठेवावं लागतं. मग यीस्ट तळाशी बसतं. आता मार्चमध्ये जळगावात थंड जागा आणायची कुठून? फ्रीज आहे, पण आमच्याकडे त्याचं दार दिवसातून पन्नास वेळा उघडतं... दर वेळी बाटल्या किणकिणणार आणि बसलेला गाळ पुन्हा वर!

तेव्हा नाना आठवले. नाना म्हणजे माझे थोरले काका. मुक्ताईनगरला त्यांचं केळी पिकवायचं चेंबर आहे... मोठी बंद खोली, बाहेर ऊन आग ओकत असलं तरी आत सोळा डिग्री. अडचण एकच. नाना माळकरी. दारूच्या वाऱ्यालाही उभं न राहणारा माणूस.

मग मी चक्क खोटं बोलले. व्हिनेगर करतेय म्हणाले. नानांनी जास्त काही विचारलं नाही. एका कोपऱ्यातले केळीचे क्रेट हलवले, स्वतःच्या हाताने बाटल्या उभ्या लावल्या आणि कामगारांना बजावलं, "याले कोनी हात लावू नका."

आणि मग सुरू झाले फोन... रोज सकाळी चेंबर उघडलं की नाना टॉर्च घेऊन बाटल्या बघायचे आणि मला कळवायचे. "आज वरचं बोटभर साफ झालं." "आज अर्धी झाली पोरी." एकदा कुणाचा तरी क्रेटला धक्का लागला, तर त्याला किती झापलं तेही सांगितलं. मी इकडे लाजेने अर्धी. इतक्या मायेने माणूस माझं खोटं सांभाळत होता...

शनिवारी फोन आला, "ये आता. बाटलीमागं पेपर धरला तर वाचता येतो."

रविवारी चेंबरमध्ये शिरले. नानांनी एक बाटली अलगद उचलली, मागून टॉर्च धरला... सोनेरी, नितळ! तळाशी गाळाचा पांढरट पातळ थर, बस. इतका आनंद झाला की तोंडातून निघूनच गेलं, "नाना, हे व्हिनेगर नाही हो. बीअर आहे. मी खोटं बोलले तुमच्याशी... माफ करा."

नानांनी बाटली फिरवून तिच्यावरची कागदाची पट्टी माझ्यासमोर धरली. लॅबच्या सवयीने मीच चिकटवलेली... 'बीअर, बॅच ४', खाली तारीख!

"तुले काय वाटलं, मले वाचता येत नाही?"

मला हसावं की रडावं कळेना. मग ठेवून का घेतल्या, एवढंच कसंबसं विचारलं.

"तू थंडावा मागितला, तो दिला. मले पी म्हटलं का तू? पन पुढच्या वेळेस खरं सांगजो. आपल्या मानसाशी कायले खोटं बोलायचं?"

अकरा बाटल्या नानांनी गाडीत सीटखाली गोणपाटात नीट बसवून दिल्या. गाळ आता तळाला इतका घट्ट बसला होता की गाडीच्या धक्क्याने वर येणार नव्हता. बारावी मात्र ठेवून घेतली. मी चमकून बघितलं, तर म्हणाले, "पिनार नाही गं. कोनी आलं तर दाखवीन... आमच्या पोरीनं केली म्हनून."

रात्री नवऱ्याने ग्लास भरून उजेडात धरला आणि म्हणाला, "याला फोडणी नको." पण खरं सांगू? या बीअरचं सगळ्यात मोठं कौतुक केलं, ते तिचा एक थेंबही न चाखणाऱ्या माणसाने.