पडद्यावरची बहीण

मागच्या वर्षी दिवाळीनंतर आईला घेऊन मी कराडला दुपारच्या खेळाला गेले. रहस्यपट होता. नट-नट्या एकापेक्षा एक, म्हणून मी हौसेनं तिकिटं काढली होती. घरातून गायब झालेला एक तरुण, त्याचा शोध घेणारा इन्स्पेक्टर आणि खिडकीशी बसून राहिलेली त्याची थोरली बहीण.

गोष्टीत मात्र दम नव्हता. त्या तरुणाचा खुनी कोण ते मध्यंतराआधीच कळलं. शेवटी इन्स्पेक्टरनं दहा मिनिटं उभं राहून सगळं समजावून सांगितलं. बहिणीचं काम करणारी नटी फार गुणी, पण मध्यंतरानंतर लेखक तिला विसरूनच गेला.

मी कंटाळून मोबाइल काढला, तेवढ्यात आई हळूच म्हणाली, "तिला ठाव हाय."

"कुणाला?"

"बहिणीला. तोंड बघ की तिचं."

सिनेमात तसं काहीच निघालं नाही. बाहेर येऊन चहा घेताना मी हसून म्हटलं, "तुझा अंदाज चुकला, आई."

ती हसली नाही. कप तसाच धरून म्हणाली, "तुझा मामा मला दिसला हुता."

माझा धाकटा मामा आष्ट्याहून सैन्यभरतीला म्हणून गेला, तो परत आलाच नाही. त्याआधी भरतीत तीनदा नापास झाला होता. तो गेला तेव्हा मी दोन वर्षांची. घरात त्याचा विषय कुणी काढत नसे.

"कधी दिसला?"

"तो गेल्यावर चार वर्सांनी. कोरेगावच्या बाजारात बटाट्याची पोती उतरवत हुता. मला बघितलं, नुसती मान हालवली. न्हाई म्हणून. मग हात जोडलं. मी माघारी फिरले."

"आजीला सांगितलं नाहीस?"

"त्यानं हात जोडलं हुतं गं."

पुढच्या बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी कोरेगावला गेलो. हमालांना विचारलं. एक म्हातारा बराच वेळ आठवत राहिला. "व्हता असा एक. लय कमी बोलायचा. पर कवाच गेला."

"कुठं गेला?" मी विचारलं.

"त्ये काय सांगून जातंय व्हय?"

आई माघारी वळली. येताना एसटीत, साताऱ्याच्या अलीकडे, ती एकदम म्हणाली, "आई शेवटच्या दिवसांत सारखी विचारायची, काय कळलं का गं त्याचं? मी न्हाई म्हणायची. दर बारीला न्हाई म्हणायची."

 मी तिचा हात हातात घेतला.

घरी मामाचा एकच फोटो आहे, विशीतला. आता तो पन्नाशीला आला असेल, असलाच तर. तरी हल्ली कुठल्याही बाजारात पोती वाहणारा माणूस दिसला की मी थबकते. तो वळून बघेपर्यंत तिथून पाय निघत नाही.