हौसाकाकीचे चिलखती सरदार

पूर्णगडच्या हौसाकाकीच्या शिवणाला नावं ठेवणारा अजून जन्मायचाय, असं ती स्वतःच सांगते. ऐकणाऱ्यांत मान हलवायला मी पुढे असतो. शिमग्यातल्या नमनाच्या खेळाचे कपडे तीस वर्षं तिचेच. भर वगात रावणाचं धोतर एकदाच सुटलं. तेव्हा रावण तिचा नवरा होता आणि गाठ त्याने स्वतः मारली होती.

यंदा पोरांच्या डोक्यात फुटबॉल शिरला. वगात लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड हे विलायतेतले क्लब जुन्या काळचे चिलखती सरदार होऊन येणार, करंडक राखणाऱ्या ड्रॅगनला मारणार, मग आपसात लढणार. लिव्हरपूल म्हणजे लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यातला दीपक. युनायटेड म्हणजे मुंबईहून सुट्टीवर आलेला ओमकार.

मंडळाचे आप्पा म्हणाले, "हौसा, हे तुला जमायचं नाय. यंदापासून कपडे मुंबईहून भाड्याने आणू."

ते 'यंदापासून' काकीला झोंबलं. "आधी माझे बघा. फसले तर पुन्हा नमनाची सुई धरायची नाय."

तिने पोफळीच्या गळालेल्या झावळांच्या बुडाच्या रुंद, चिवट विऱ्या भिजवून चिलखतं बेतली, वर चंदेरी रंग मारला. आत लाल झगे, एकाच ताग्यातले.

"काकी, आमचा लाल वेगळा!" दोघेही ओरडले.

"मेल्यांनो, लाल तो लाल. ओळखायला छातीवर चित्र काढते."

लिव्हरपूलच्या चिन्हातला पक्षी बगळ्यावर गेला आणि युनायटेडचा सैतान थेट आपल्या नमनातला संकासूर झाला!

"विरी सुकताना आवळते. संध्याकाळपर्यंत माठावर सुकू देत," वगाच्या दिवशी सकाळी काकीने बजावलं. पण फोटोची घाई! लगेच दोघांनी ओली चिलखतं चढवली आणि दुपारभर किल्ल्यावर उन्हात मिरवली.

संध्याकाळी वग उभा राहिला तेव्हा सरदारांचे कोपर वाकेनात. ड्रॅगन वाट बघून आपणहून मेला. हे दोघे हात पसरून बुजगावण्यासारखे एकमेकांवर आदळले आणि विरीत विरी अडकली.

"सोड ना रे!"

"कशाने सोडू? हात कुठे हलतोय?"

आप्पांनी काकीकडे असं पाहिलं, जणू मुंबईचा भाडेवाला दारात उभाच आहे. काकी उठली, पाण्याची कळशी घेऊन मंचावर चढली आणि दोघांच्या डोक्यावर रिकामी केली. मग दुसरी. विऱ्या नरमल्या, सरदार सुटले, पण ताग्याचा रंगही सुटला. बगळा गुलाबी, संकासूर गुलाबी. कोण कुठला क्लब, त्यांच्या आयांनाही कळेना. लोक हसून लोळले, "पुन्हा ओता, पुन्हा ओता!"

आप्पा डोळे पुसत म्हणाले, "हौसा, पुढच्या शिमग्यालाही कपडे तुझेच. आणि हा पाण्याचा प्रवेश ठेवायचा हां."

"ठेवा की. पण पाणी मीच ओतणार."

आप्पांचं हसू तिथेच थिजलं. आमच्या नमनात सीतासुद्धा मिशी भादरून येते. बाईमाणसाने आजवर मंचावर काम केलं नव्हतं. ते हो-नाही करतायत तोवर काकीने स्वतःचं माप घ्यायला टेप काढलीसुद्धा.