दोनदा येणारं नाव

हे भरभर सांगते, नाहीतर मध्येच थांबेन.

एप्रिल २०२१. मी इकडे परदेशात, ओंगारच्या घरात, ऑफिस म्हणजे बेडरूमच. बाबा गावाकडे कोविड वॉर्डात, ऑक्सिजनवर. दर गुरुवारी ते आमच्या गावच्या दर्ग्यात बसून नावं वाचायचे. पहिलं नाव बसऱ्याच्या एका खूप जुन्या संताचं. आधी व्यापारी होता म्हणे, मग सगळं सोडलं, आणि मरण आठवून सारखा रडायचा. मग त्याचा शिष्य, त्या शिष्याचा शिष्य, असं करत शेवटी आमच्या दर्ग्यातले म्हातारे मुजावर. त्यांनीच बाबांना ही यादी दिली. नियम एकच: मधलं एकही नाव गाळायचं नाही. गाळलं तर पुन्हा पहिल्यापासून.

त्या गुरुवारी बाबांना बोलतानाच धाप लागत होती. आई म्हणाली, तू वाच. तिने बाबांच्या यादीच्या वहीचे फोटो पाठवले, मी ते एक्सेलमध्ये फटाफट टाइप केले. आणि सवयीने डुप्लिकेट उडवले! एक ओळ गेली. म्हटलं, ग्रँड, इथल्या भाषेत झकास.

दोन वाजता व्हिडिओ कॉल. वॉर्डातल्या मावशींनी फोन धरला होता. प्रत्येक नावाला बाबांचं बोट पलंगाच्या दांडीवर टक. अर्ध्यावर बोट थांबलं. त्यांनी मास्क बाजूला केला.

"एक नाव राहिलं."

"नाही हो बाबा, सगळी आहेत."

"ते दोनदा येतं. आधी एक, मग त्याच्या शिष्याचा शिष्य. नाव तेच, माणूस वेगळा. इंजिनियर ना गं तू?"

"काका, मास्क!" मावशी ओरडल्या.

"पहिल्यापासून," बाबा म्हणाले, मग मास्क लावला. मॉनिटरवर ऑक्सिजन मघाशी ८६ होता. आता ८१.

मी उडवलेली ओळ परत आणली आणि पुन्हा बसऱ्यापासून सुरू केलं. ते नाव दुसऱ्यांदा आलं, टक झालं, मला इतकं बरं वाटलं! पाच नावं उरली आणि टकटक बंद. फोन उलटा पडला, स्क्रीन काळी, पलीकडे धावपळ, मशीनचा आवाज. मी वाचायची थांबले.

"वाचा ताई, थांबू नका," मावशी म्हणाल्या. "बोट हलतंय."

वाचलं. पाचही.

बाबा शनिवारी गेले. डॉक्टर म्हणाले, मास्क काढला त्याचा काही संबंध नाही. आईपण तेच म्हणते.

आता गुरुवारी दोन वाजता मी वाचते, मीटिंग असली तर म्यूट करून. त्या दुसऱ्यांदा येणाऱ्या नावाची ओळ मी पिवळी केलीय. ती आली की अजून थांबते, टक ऐकू येईल म्हणून.