दीड व्होल्टसाठी जड डबा

आमच्या घरात कुठलीही वस्तू विकत घेण्याआधी ती उचलून बघतात. कुकर असो, इस्त्री असो, नाहीतर भिंतीवरचं घड्याळ. अण्णा, म्हणजे माझे वडील, ती दोन्ही हातांत घेतात, जरा खालीवर करतात आणि हलकी लागली की दुकानदाराच्या पुढ्यात परत ठेवतात. त्यांची सगळी नोकरी भोसरीच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रा ठोकण्यात गेली. तिथे हलकं म्हणजे वाकणारं, आणि वाकणारं म्हणजे रिजेक्ट. मी चाकणच्या एका कंपनीत परचेसला आहे. माझं काम अगदी उलटं. वस्तूला हातही न लावता तीन कोटेशनं समोर ठेवायची आणि किंमत पाडत बसायचं. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच आहोत, आणि साधी पक्कड घ्यायची तरी आमचं एकमत व्हायला दोन-चार दिवस लागतात.

मला इलेक्ट्रॉनिक्सचा नाद आहे. डिप्लोमा त्यातलाच केला होता, पण नोकरी लागली ती बोल्ट आणि वॉशर खरेदी करण्याची. तेव्हा मन रमवायला संत तुकाराम नगरातल्या आमच्या घराच्या गॅलरीत एक टेबल टाकलंय. शेजाऱ्यांच्या बेल, टॉर्च, पोरांची बंद पडलेली खेळणी तिथे येतात. वीज द्यायला माझ्याकडे जुन्या चार्जरांचा आणि अडॅप्टरांचा एक गुंता होता. अडॅप्टरचा स्वभाव मला कधीच आवडला नाही. समोरच्या सर्किटमध्ये कुठे शॉर्ट असलं तरी तो अंगात असेल तेवढा करंट ओतत राहतो, आणि आपल्याला कळतं ते जळका वास आल्यावर.

ज्याला बेंच पॉवर सप्लाय म्हणतात त्याचं तसं नसतं. त्याला दोन खुंट्या असतात. एकीनं व्होल्टेज ठरवायचं, दुसरीनं करंटची हद्द. त्या हद्दीपुढे तो जात नाही. समोर शॉर्ट आहे असं दिसलं की स्वतःच व्होल्टेज खाली आणतो आणि लाल दिवा लावतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खूश झाले होते. कुठे थांबायचं हे कळणारी वस्तू माझ्या तरी पाहण्यात फारशी नव्हती. माणसंही नव्हती. पण हौसेसाठी एवढे पैसे घालायला जीव होत नव्हता, म्हणून बरीच वर्षं तो विचार तसाच राहिला.

मग संक्रांतीच्या सुमारास अण्णांचं कानाचं मशीन बंद पडलं.

प्रेस शॉपमध्ये उभी हयात काढलेल्या माणसाचे कान जातातच, त्याचं तिथे कुणाला नवल नसतं. अण्णांचं मशीन जुन्या पद्धतीचं होतं. काड्यापेटीहून जरा मोठी डबी खिशात, तिच्यात एक पेन्सिल सेल, आणि तिथून कानापर्यंत वायर. आवाजाचं चाक एवढं मोठं की त्यांच्या जाड बोटांनाही फिरवता यायचं. डॉक्टरांनी नवीन, कानामागे बसणारं मशीन दिलं. अण्णांनी त्याला शेंगदाणा म्हणायला सुरुवात केली. ते सारखं शिट्टी मारायचं, बोटांत सापडायचं नाही, अंघोळीला जाताना काढून कुठे ठेवलं ते आठवायचं नाही. शेवटी ते आपल्या डबीत जाऊन बसलं आणि कपाटात गेलं.

पिंपरीत दोन दुकानांत जुनं मशीन दाखवलं. दोघांनीही न उघडताच परत दिलं. त्याचे पार्ट आता येत नाहीत, ते मॉडेलच बंद झालंय, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे उघडायचं तर मीच उघडायचं, आणि माझ्या हातून जळलं तर अण्णांना त्या शेंगदाण्याखेरीज कानाशी धरायला दुसरं काही नाही.

त्या दिवसांत घर फार विचित्र झालं. अण्णा सगळ्यालाच ‘हो’ म्हणू लागले. चहा देऊ का? हो. लाइट गेलेत का? हो. भाजीत मीठ जास्त झालंय का? हो. ओरडून बोललं की शेजारी ऐकायचे आणि अण्णांना मात्र मी रागावले असंच वाटायचं. मग मी विचारणंच सोडून दिलं. त्याऐवजी मला त्यांच्यासमोर पुटपुटायची सवय लागली. ऑफिसचा वैताग, चाकणच्या चौकातला ट्रॅफिक, साहेबांचा खोचकपणा, सगळं मी त्यांच्या पुढ्यात भाजी निवडता निवडता काढायचे. ऐकणारं कोणी नाही म्हटल्यावर तोंडाला धरबंध राहत नाही. एकदा पोळ्या लाटताना मी म्हणाले, ‘‘या घरात मी एकटीच राहते की काय.’’ अण्णा दोन हातांवर बसून जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग ताटाकडे पाहिलं.

त्याच आठवड्यात, अण्णांचं मशीन न जाळता तपासता यावं म्हणून, मी पॉवर सप्लाय घ्यायचं ठरवलं.

परचेसवाली असल्यामुळे मी तुलनेचा तक्ता केला, आणि त्यात माझे जे हाल झाले ते पाहून ऑफिसमधले हसले असते. ह्या डब्यांच्या दोन जाती. एक नव्या पद्धतीचा, स्विचिंग म्हणतात तो. हलका, आटोपशीर, ऑनलाइन स्वस्तात मिळणारा. आत विजेचे फार बारीक तुकडे करून काम चालतं, आणि गार राहायला मागे एक पंखा कुरकुरत असतो. दुसरा लिनियर. त्याच्या पोटात तांब्याच्या तारेचा आणि लोखंडी पट्ट्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे वजन भरपूर आणि वीज स्वच्छ. नवा घ्यायचा तर माझ्या बजेटबाहेर. जुना मिळू शकतो, पण जुन्याची खात्री कोण देणार? मी रोज रात्रीचं जेवण झालं की लोकांचे अभिप्राय वाचत बसायचे. एक म्हणायचा स्विचिंगशिवाय घेऊ नका, दुसरा म्हणायचा आवाजाच्या कामाला स्विचिंग लावाल तर पस्तावाल. मला त्या वादात गोडी लागली. खरं सांगायचं तर निर्णय घ्यायची घाई नव्हती, कारण निर्णय झाला की मशीन उघडावं लागणार होतं, आणि त्याची मला भीती वाटत होती.

भोसरीत जुनी टेस्टिंगची उपकरणं विकणारा एक गाळा आहे. गुरुवारी सगळी एमआयडीसी बंद असते आणि हा तेव्हाच हमखास उघडा, कारण कंपनीतली माणसं सुट्टीच्याच दिवशी येतात. मी अण्णांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेले. निघताना घरातून स्कूटरचा एक बल्ब रुमालात गुंडाळून घेतला होता. सप्लाय दम धरतो की नाही ते बल्ब लावला की कळतं, असं कुठेतरी वाचलं होतं.

गाळेवाल्याने दोन डबे पुढे मांडले. एक हलका स्विचिंगचा, जवळपास नवा. दुसरा जुना लिनियर, कडा खरवडलेल्या, खुंट्यांवरचे आकडे पुसट. मी दोन्हींना बल्ब लावून बघितला. दोन्ही पेटले. मग दोन्हींची वायर वायरला टेकवून शॉर्ट केलं. दोन्हींचे लाल दिवे लागले, दोन्हींनी हद्द पाळली. आता काय करायचं? माझा तक्ता तिथेच संपला.

अण्णा तोवर बाजूच्या स्टुलावर बसून होते. ते उठले. हलका डबा उचलून त्यांनी लगेच खाली ठेवला, खेळण्यातला असावा तसा. जुना उचलताना त्यांना जरा जोर लावावा लागला आणि चेहरा एकदम उजळला. मग त्यांनी चालू डब्यावर तळहात पालथा ठेवला आणि डोळे मिटले. प्रेसवर कामाला असताना पाळीच्या सुरुवातीला ते असंच करायचे म्हणे, मशीन तालात आहे का बघायला. ‘‘हाताला लागायलंय,’’ ते म्हणाले. ‘‘जिवंत हाय.’’ बऱ्याच दिवसांत ते आपणहून एवढं बोलले होते. मी घासाघीस करायची विसरले. परचेसच्या माणसाला हे शोभत नाही, पण विसरले.

घरी आल्यावर डबा टेबलावर ठेवला तेव्हा टेबल किंचित कुरकुरलं. अण्णा समोरच खुर्ची घेऊन बसले. त्यांचं कानाचं मशीन मी फडक्यावर ठेवलं आणि छोटे स्क्रू काढले. आत पाहिलं तर सेल फुटून त्याचं पाणी पसरलेलं, सेल धरणारी स्प्रिंग गंजून गेलेली, आणि तिथून निघणारी, सर्किटला वीज नेणारी तांब्याची एक रेघ त्या पाण्यानं खाऊन टाकलेली. बाकी सर्किट बाहेरून तरी धड दिसत होतं. आत काय जळलंय ते वीज दिल्याखेरीज कळणार नव्हतं.

तुटलेल्या रेघेवर मी केसाएवढी वायर झाळली. सेलच्या जागी सप्लायच्या दोन वायरी जोडल्या. व्होल्टेज दीडवर आणलं. करंटची खुंटी सगळ्यात खाली ओढली आणि मग अगदी हळू, घाबरत घाबरत वर नेली. एक क्षण लाल दिवा लागून राहिला. आणखी केसभर फिरवली आणि दिवा गेला. करंटचा काटा थोडासा हलला आणि तिथेच थांबला. जेवढं लागत होतं तेवढंच मशीन घेत होतं. मी कानातली गुंडी आधी माझ्या कानाला लावली.

कानात घुंऽऽ असा आवाज भरला. एकसारखा, जाडसर, खालचा. डब्यातल्या ट्रान्सफॉर्मरच्या जुन्या पट्ट्या सैल झालेल्या, त्या थरथरत होत्या, त्यांच्याबरोबर टेबल थरथरत होतं, आणि टेबलावर पडलेल्या मशीनचा माइक ते सगळं उचलून कानात ओतत होता. गाळ्यात अण्णांच्या हाताला लागली ती हीच थरथर. ज्याला त्यांनी जिवंत म्हटलं तो खरं तर त्या डब्याचा दोष होता. माझा विरस झाला. मशीन चालतंय याचा आनंद बाजूला राहिला आणि चुकीची खरेदी झाली हीच गोष्ट डोक्यात घुमायला लागली.

अण्णांनी हात पुढे केला. मी गुंडी त्यांच्या कानात बसवली, आवाजाचं चाक जरा वाढवलं आणि सवयीने पुटपुटत राहिले. वजन बघून वस्तू घ्यायची ही खोड, म्हणे हाताला लागतंय, आता ही घरघर कोण ऐकणार, उद्या जाऊन तो हलका डबाच आणते झालं.

‘‘बदलू नको,’’ अण्णा म्हणाले.

मी मान वर केली. त्यांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं, ते डब्याकडे बघत होते. मला वाटलं योगायोगच असेल. म्हणून मी तोंडावर हात धरून, नेहमीपेक्षाही हळू आवाजात, आवाज घुमतोय का असं विचारलं.

‘‘घुमायलंय की,’’ ते म्हणाले. ‘‘प्रेस चालू असल्यावानी. पर तू काय बडबडायलीस ते समदं ऐकू यायलंय.’’

मला रडू आलं, ते लपवण्यात काही अर्थ नाही. डब्याखाली घडी केलेला टॉवेल घातला असता तर घरघर बरीच कमी झाली असती, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. सुचलं दुसऱ्या दिवशी. सेलची स्प्रिंगही दुसऱ्या दिवशी एका खेळण्यातून काढून बसवली आणि मशीन पुन्हा खिशात गेलं. पण त्या संध्याकाळी अण्णांनी कानातून गुंडी काढू दिली नाही. डबा भिंतीला जोडलेला, मशीन डब्याला, अण्णा मशीनला. त्यांची आवडती मालिका आतल्या खोलीत लागून संपली, तरी ते खुर्चीतून हलले नाहीत.

बराच वेळ गॅलरीतून येणारे रस्त्यावरचे आवाज त्यांनी ऐकले. रिक्षा, कुणाचा तरी कुकर, खालच्या मजल्यावरचं भांडण. प्रत्येक आवाज आला की ते माझ्याकडे बघून मान हलवायचे. मग त्यांनी ती मान हलवणं थांबवलं आणि म्हणाले, ‘‘संक्रातीपासनं नुसतं तुझं तोंड हालताना बघायलोय. काय बोलत व्हतीस, ते सांग की आता.’’

मी साहेबांपासून सुरुवात करायचं ठरवलं, मग ट्रॅफिक, मग पाण्याची वेळ बदलली ते. पोळ्या लाटताना म्हटलेलं ते एक वाक्य गाळायचं, असंही मनात ठरवलं. अण्णा वाट बघत होते. डब्यावर त्यांनी पुन्हा तळहात ठेवला होता. वायर हातभरच होती, म्हणून मी माझी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि त्याच वाक्यापासून सांगायला लागले.