गंगाराम तांबे यांच्या दोन गाठी

श्री. गंगाराम तांबे, वय एकोणसत्तर, राहणार पावस. सेवानिवृत्त अव्वल कारकून. वर्ण सावळा, बांधा मध्यम. बिडी सन २००८ पासून बंद. तत्पूर्वीची माफ समजावी. अपत्य एक, कन्या. गाठी दोन, दोन्ही डाव्या फुफ्फुसात. वर्तणूक समाधानकारक.

तहसील कचेरीत छत्तीस वर्षं तांब्यांनी एकच तत्त्व पाळलं: नवा कागद वर लावायचा, आणि वरच्याने खालचा रद्द झाला असं समजायचं. घरीही तेच. पत्नी प्रभावतीबाईंनी सकाळी वांगी सांगून दुपारी भेंडी सांगितली, की वांग्यांचा विषय निकाली निघे.

रत्नागिरीच्या डॉक्टरबाईंनी वरच्या गाठीतून सुईने तुकडा काढला. अहवाल आला: कर्करोग, सुरुवातीचा. पंधरा दिवसांनी खालच्या गाठीचा आला: साधी गाठ, निरुपद्रवी. तांब्यांनी दुसरा अहवाल फायलीत वर लावला, पहिल्यावर लाल शाईने ‘रद्द’ लिहिलं आणि वाडीत पेढे वाटले. डॉक्टरबाईंनी दिलेल्या तारखेला गेलेच नाहीत.

दोन महिन्यांनी दीप्ती, चिपळूणला शिक्षिका असलेली त्यांची मुलगी, सुट्टीला आली. तिने फाईल खालून वाचली.

“बाबा, हे काय?”

“पहिला अहवाल. दुसऱ्याने रद्द झाला.”

“अहो, गाठी दोन आहेत!”

“फुफ्फुस एकच आहे ना?”

प्रभावतीबाई आतून म्हणाल्या, “दोन पोरं असती नि एक पास झाला असता, तर दुसऱ्याचा निकाल पुसला असतात काय?”

याला नियम सापडेना. तांबे फाईल घेऊन रिक्षात बसले.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. “पेढे मला नाही पोचले,” एवढंच म्हणाल्या. मग समजावलं: सुई कधीकधी चुकीच्या जागी शिरते, म्हणून ‘साधी’ हा शेरा पक्का धरता येत नाही. खालची गाठ वरचीचीच संतती असेल, तर रोग पसरलाय. ऑपरेशनने भागणार नाही. दोघींचं नातं नसेल, तर वरची कापून बरं होता येईल. दोन्ही तुकड्यांची जनुकं मुंबईला तपासू.

“म्हणजे वारस तपास,” तांबे म्हणाले. वैद्यकशास्त्र त्यांना प्रथमच कळलं.

असल्या तपासासाठी त्यांनी माणसांना वर्ष-वर्ष हेलपाटे घालायला लावले होते. आता एकविसाव्या दिवशी ते फोनकडे बघत म्हणाले, “काय ही दिरंगाई!”

बाविसाव्या दिवशी डॉक्टरबाईंनी बोलावलं. वरच्या गाठीतला जनुकीय बिघाड खालच्या गाठीत नव्हता; खालचीचा वेगळाच होता.

“मूळ पुरुष दोन?” तांब्यांनी विचारलं.

“दोन. शेजारी आहेत, नातेवाईक नाहीत.”

तांब्यांनी हात जोडले, मग दीप्तीचा हात धरला, आणि बराच वेळ सोडला नाही.

ऑपरेशन झालं. सदर इसमाच्या गाठींमधील नाते शाबीत न झाल्याने प्रकरण निकाली काढण्यात आले.

पण कापलेल्या भागाच्या तपासणीत गाठीजवळच्या एका लसीका ग्रंथीत कर्करोग पोचलेला सापडला. केमोथेरपी चार वेळा घ्यावी लागली.